घाटातले पाय, मुंबईचा रस्ता: सातारकरांसाठी हाफ मॅरेथॉनची तयारी

मुंबईत पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन पळायला गेले तेव्हा माझा हिशेब सरळ होता. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर होतात, तर मुंबईच्या सपाट रस्त्यावर ते असेच हातासरशी होतील. सी-लिंकवर मी उधळले. आजूबाजूला हजारो माणसं, समुद्रावरचा वारा, दिवे, ढोल. सरावात किलोमीटरला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा चाळीस सेकंद कमी लागत होते आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. पुढे पेडर रोडचा चढ आला. आमच्या घाटातल्या दोन वळणांत मावेल एवढा तो चढ, आणि मी तो कमरेवर हात ठेवून चालत चढले. शेजारून सत्तरीतले एक आजोबा एकाच लयीत पुढे निघून गेले आणि जाता जाता म्हणाले, "चला ताई, उतार आलाच!"

त्यानंतर तीनदा तीच शर्यत नीट पळाले. दरवर्षी आमच्या सकाळच्या ग्रुपमधलं कोणीतरी नव्याने मुंबईला निघतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून हे एकदा सगळं लिहून ठेवते. डोंगरात तयार झालेल्या माणसाला मोठ्या शहरातली हाफ मॅरेथॉन सोपी जात नाही, ती वेगळी जाते. तिचं नुकसान होतं ते आदल्या दिवशीच्या भटकंतीत आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये. पेडर रोडवर फक्त बिल येतं.

आधी फरक समजून घ्या

घाटात पळताना आपण नकळत विश्रांती घेत असतो. चढाला वेग आपोआप पडतो, उताराला श्वास मोकळा होतो, पोटऱ्या आणि मांड्या आळीपाळीने राबतात. सपाट रस्त्यावर तसं काही नाही. अडीच तासांत पंचवीस हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि जवळजवळ प्रत्येक पाऊल तेच, त्याच स्नायूंवर, तेही बरंचसं काँक्रीटवर. पंधराव्या किलोमीटरला खुब्याचा पुढचा भाग आणि पोटऱ्या अशा काही बोलायला लागतात, की घाटात त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नसतो.

दुसरा फरक हवेचा. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे. जानेवारीत पहाटे आपल्याकडे कानटोपी लागते आणि हवा कोरडी असते. मुंबईत त्याच वेळी हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग रक्त थंडाव्यासाठी कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याचं कमी होतं, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-बाराने जास्त दिसतात. घड्याळ बिघडलेलं नसतं.

तिसरा फरक गर्दीचा. त्याबद्दल शर्यतीच्या दिवशी बोलू.

सोळा आठवडे, उलटे मोजून

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १५ ते २१ तारखेच्या दरम्यान. तिथून सोळा आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरअखेर येते. आपल्यासाठी हे सोयीचं आहे, कारण तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो. नोंदणी मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि हाफच्या जागा लवकर भरतात. तेव्हा पावसाळ्यातच लक्ष ठेवा, आणि त्या वर्षीच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

सुरुवातीची अट एकच: न थांबता पाच किलोमीटर, कितीही सावकाश, पळता आले पाहिजेत. येत नसतील तर आधी दोन महिने चालणं-पळणं असं मिसळून करा. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, मग हळूहळू उलटं करा. वय पस्तीस-चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच बूट बांधा. हे वाक्य सगळे वाचतात आणि सोडून देतात. सोडू नका.

आठवड्यात चार दिवस पळणं पुरतं. मंगळवारी पाच ते सात किलोमीटर आरामात. गुरुवारी थोडं वेगाचं काम. शनिवारी पुन्हा चार-पाच किलोमीटर हलकं. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यांत लांब पळणं. उरलेल्या दिवसांत दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. आपला जिल्हा तालमींचा, त्यामुळे बैठका कोणाला शिकवायला नकोत. त्यात पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं जोडा, एका पायावर पंधरा, मग दुसऱ्या. पोटरीसाठी यापेक्षा स्वस्त विमा नाही.

रविवारचं अंतर असं वाढवा: ८, ९, १०, मग उतरून ८. पुढे ११, १२, १३, मग १०. पुढे १४, १५, १६, मग १२. तेराव्या आठवड्यात १८, चौदाव्यात १९, पंधराव्यात १२, आणि सोळाव्यात शर्यत. दर चौथ्या आठवड्याला अंतर उतरवायचं ते आळस म्हणून नाही. शरीर पळताना मोडतं आणि विश्रांतीत बांधलं जातं. सरावात पूर्ण २१ करण्याची गरज नाही. ज्याने १८-१९ शांतपणे पार केले, त्याला उरलेले दोन गर्दी नेते.

आरामात म्हणजे किती आरामात? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. घरी गॅस बंद केला का, मुलाचा डबा भरला का, अशा गप्पा मध्येच न तुटता चालल्या पाहिजेत. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, सैन्यातून निवृत्त. ते नव्या पोरांना एकच सांगतात, "आरं, रग हाय ती परतीच्या वाटंला ठेव की." आठवड्याच्या एकूण अंतरातलं पाचपैकी चार हिस्से पळणं असं बोलत-बोलत झालं पाहिजे. बाकीचं गुरुवारचं.

साताऱ्यात कुठे पळायचं

इथे आपली अडचण उलटी आहे. मुंबईकर चढ शोधत फिरतो, आपण सपाटी शोधतो. राजवाड्यावरून निघा, पोवई नाक्यावरून निघा, कुठेतरी चढ लागतोच.

गुरुवारच्या वेगासाठी शाहू स्टेडियमवर जा. फेऱ्या मोजून पळायला कंटाळा येतो, पण सपाटीवर एकच वेग धरून ठेवायची सवय तिथेच लागते. सुरुवातीला एक किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, दोन मिनिटं चालणं, असं चार वेळा. दहाव्या आठवड्यापर्यंत याचे सलग पाच-सहा किलोमीटर व्हायला हवेत. घड्याळ न बघता वेग ओळखायला शिका. मी एक फेरी घड्याळ बाहीखाली झाकून पळते, मग बघते. सुरुवातीला पंधरा सेकंदांनी चुकायची, आता तीन-चारने.

अजिंक्यताऱ्याचा रस्ता, चार भिंतीचा चढ हे ताकदीसाठी उत्तम, पण आठवड्यातून एकदाच, तेही पहिल्या दहा आठवड्यांत. यवतेश्वरच्या घाटाचंही तसंच. शिवाय सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी कासची फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता गजबजलेला असतो. उजाडायच्या आत उतरून आलात तर ठीक. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. २०१२ पासून ती याच घाटात होते, वर चढून पुन्हा खाली. ती जरूर पळा, पण तिथल्या वेळेवरून मुंबईची वेळ ठरवू नका. माझ्या दोन्ही वेळांत बारा मिनिटांचा फरक पडतो, माझ्या मैत्रिणीच्या जेमतेम चार मिनिटांचा. तिची सपाटीवरची तयारी कच्ची, असा त्याचा अर्थ आम्ही काढला आणि तो खरा निघाला.

घाट उतरताना जपा. चढाने दम लागतो, पण स्नायू फाटतात ते उताराने. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दोन दिवसांनी जिना उतरताना भिंत धरावी लागते ती त्यामुळे. दहाव्या आठवड्यानंतर घाटाकडे फिरकायचंच नाही.

लाँग रनसाठी आम्ही माहुलीकडे उतरून कोरेगावच्या बाजूला जातो. कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ पहाटे धुकं असतं आणि हवाही जरा ओलसर, तेवढाच मुंबईचा सराव. मात्र नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर झुकलेला ऊस आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, आणि कानात काही घालू नका. बायकांनी अंधारात एकटीने जायचं टाळावं. आम्ही चौघी ठरलेल्या कोपऱ्यावर भेटतो आणि एकीलाही उशीर झाला तरी थांबतो. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, चालायला लागा, डोळ्यांत बघू नका.

बूट, कपडे आणि एक नख

बूट शर्यतीआधी दोन महिने घ्या, संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि पळतानाही तो सुजतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ती नसली तर नख काळं पडतं आणि महिन्याभराने गळून येतं. माझं एक डब्यात ठेवलंय असं मी मुलांना सांगते, ती विश्वास ठेवत नाहीत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बुटाचा तळवा मरतो. वरून नवा दिसला तरी. किमतीला भुलू नका, पायाला बसतो तो बूट.

कपडे सुती नकोत. सुती बनियन मुंबईच्या हवेत दहा किलोमीटरला ओल्या पोत्यासारखी होते. काखा, मांड्यांचा आतला भाग, बायकांना ब्राच्या पट्ट्याखाली आणि पुरुषांना स्तनाग्रांवर व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी. हे हसण्यावारी नेणारे शेवटी रक्ताच्या दोन रेघा छातीवर घेऊन फोटो काढतात. शर्यतीत घालायचं ते सगळं, मोज्यापासून टोपीपर्यंत, किमान दोन लाँग रनमध्ये घातलेलं असलं पाहिजे. एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधी क्रमांक वाटतात त्या प्रदर्शनात, फिरताना सवलतीतले चकाकते बूट बोलावतील. घ्या हवं तर, पण सोमवारपासून वापरा.

खाणं: दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत

आपले सगळे सण याच सोळा आठवड्यांत. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी त्या आठवड्याला विश्रांतीचा आठवडा करावा. साबुदाणा-शेंगदाण्यावर आणि कोरड्या पोटी लाँग रन करून कोणतीच देवी प्रसन्न होत नाही. दिवाळीचा फराळ खा. चार दिवसांच्या चकलीने तयारी वाया जात नाही.

खरा नाजूक काळ संक्रांतीचा. ती १४-१५ जानेवारीला, म्हणजे नेमकी शर्यतीच्या आठवड्यात किंवा अगदी तोंडावर. गुळपोळी तशी पळणाऱ्याला फायद्याचीच, पिठूळ आणि गोड. तुपाची धार तेवढी आवरा. शेवटचे दोन दिवस भात, पोळी, बटाटा यांचं प्रमाण वाढवा आणि कडधान्यं, कच्च्या कोशिंबिरी, बाजरीची भाकरी कमी करा. भाकरीवर माझा राग नाही, वर्षभर तीच खाते. पण चोथा पोटात असला की पंधराव्या किलोमीटरला तो हिशेब मागतो.

मुंबईचे पाहुणे ही वेगळीच परीक्षा. आपल्या भागातले माथाडी आणि गिरणी कामगार पिढ्यान्पिढ्या तिकडे गेलेले, त्यामुळे सातारकराचं कोणी ना कोणी लालबाग-परळला नाहीतर कोपरखैरणे-घणसोलीला असतंच. माझी मावशी परळला. शनिवारी रात्री तिने मटण शिजवलं होतं. "एवढी लांबून आलीस, उद्या ताकद नको व्हय?" मी वरणभात मागितला तर ती रुसली. आता मी आठवडाभर आधीच फोन करून सांगते, "मावशी, मटण रविवारी दुपारी." त्या दुपारच्या मटणाला जी चव येते ती शनिवारी आलीच नसती.

पळताना काय? नव्वद मिनिटांपुढच्या पळण्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. बाजारातल्या जेलच्या, म्हणजे दाट गोड पाकाच्या, एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. जेल नको असेल तर बिया काढून अर्धे केलेले खजूर चालतात. मी तेच नेते, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, पाचव्या किलोमीटरपासून दर पाच किलोमीटरला दोन तुकडे. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू एकदा करून बघितला. धाप लागलेली असताना राजगिऱ्याचे दाणे घशात जातात आणि पुढचं अर्धा किलोमीटर खोकण्यात जातं. कंदी पेढा शेवटच्या रेषेनंतर.

पाणी तहान लागेल तसं, दोन-तीन घोट. प्रत्येक टेबलाशी ग्लास रिकामा करू नका. अति पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तो प्रकार तहानेपेक्षा घातक ठरू शकतो. ओआरएस घ्यायचं तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. लिटरची पुडी पेल्याभर पाण्यात घातली तर पोट लगेच जाब विचारतं. वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. घाम गाळणाऱ्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि दुखणं झाकलं जातं ते निराळंच.

दमट हवेचा सराव

शरीराला उष्ण, दमट हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. आपण तेवढे आधी मुंबईला जाऊन राहू शकत नाही. त्यावर माझा उपाय: शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांत आठवड्यातून तीनदा हलकं पळणं पहाटेऐवजी दुपारी चारला, अंगात एक जादा टी-शर्ट घालून. वेग सोडून द्या, अर्धा-पाऊण तास घाम येऊ द्या. चक्कर, मळमळ वाटली तर तिथेच थांबा. याने मुंबई साताऱ्यासारखी वाटत नाही, पण घाम लवकर सुटायला लागतो आणि पहिल्या किलोमीटरला छाती दचकत नाही.

शुक्रवार आणि शनिवार

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत एक्स्पोत ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. त्यामुळे साताऱ्याहून शुक्रवारीच निघा. कोयना एक्स्प्रेस दिवसाची, ती झोपायच्या वेळेआधी मुंबईत पोचवते. महालक्ष्मी रात्रीची, पण ती मध्यरात्रीच्या सुमारास साताऱ्यातून निघत असल्याने झोपेची वाट लावते. एसटीने गेलात तर दर दीड तासाला उठून पाय मोकळे करा. शुक्रवारची झोप सगळ्यांत महत्त्वाची. शनिवारी रात्री कोणालाच झोप लागत नाही, त्याची काळजी करू नका.

एक्स्पो शनिवारी सकाळी उघडताच उरका, तासाभरात बाहेर पडा. पहिल्या वर्षी मी तिथे चार तास उभी होते. फुकट मिळणाऱ्या वस्तूंच्या रांगा, फोटो, मग "एवढं आलोच आहोत तर" म्हणून गेटवे आणि चौपाटी. फोनने रात्री सांगितलं, चौदा किलोमीटर चालणं झालंय. ते चौदा किलोमीटर दुसऱ्या दिवशी पेडर रोडवर भेटले.

दुपारनंतर पाय वर करून पडा. संध्याकाळी सातला जेवण. बिब टी-शर्टला चार पिनांनी लावून ठेवा, पाठीमागची टायमिंगची पट्टी दुमडू नका. बिबच्या मागे घरच्यांचा फोन नंबर आणि रक्तगट लिहा.

मुक्काम निवडताना एकच बघा: पहाटे चारच्या आत सुरुवातीच्या जागी कसे पोचणार. हाफची सुरुवात माहीमहून होते. दादर-परळचे पाहुणे त्यासाठी सोन्याचे. नवी मुंबईहून यायचं तर आदल्या रात्रीच गाडी ठरवा. शर्यतीच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते, त्यांच्या वेळा आदल्या आठवड्यात वर्तमानपत्रात येतात.

रविवार

अडीच-पावणेतीनला उठा. जॅम लावलेले दोन ब्रेड आणि एक केळं, किंवा कमी तेलाचे वाटीभर पोहे, जे सरावात पचलंय तेच. चहाची सवय असेल तर चहा घ्या. मैदानात पोचताच आधी शौचालयाची रांग. तिथे अर्धा तास सहज जातो. टिश्यू पेपर स्वतःचा न्या.

आता वेगाचा हिशेब. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. दोन तासांत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, सव्वादोनला ६:२४, अडीचला ७:०७ आणि तीनला ८:३२. पण घड्याळ शेवटी २१.३ किंवा २१.४ दाखवतं. कारण मार्ग मोजला जातो तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने, आणि गर्दीत आपण माणसं चुकवत नागमोडी पळतो. शिवाय उंच इमारतींत जीपीएस भरकटतं. म्हणून अडीचचं ध्येय असेल तर घड्याळावर ७:०२ चा सरासरी वेग दिसायला हवा, आणि विश्वास रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर ठेवायचा.

अडीच तासांसाठी मी वापरलेली मांडणी देते. पहिले पाच किलोमीटर ७:२० ने. पुढचे दहा ७:०५ च्या सरासरीने. शेवटचे सहा आणि थोडे ६:५५ ने. बेरीज २ तास २९ मिनिटं ४० सेकंद. कागदावर सोपं दिसतं. पहिल्या पाचात मात्र सगळं जग तुम्हाला ओलांडून जात असतं, आणि ते सोसणं हेच त्या सकाळचं सगळ्यांत अवघड काम.

सुरुवातीला गर्दीमुळे रेषा ओलांडायलाच दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. घाबरू नका, तुमची वेळ तुम्ही रेषेवरून गेल्यापासून मोजली जाते. फटीतून घुसू नका, उड्या मारत पुढे जाऊ नका. त्यात जी ताकद जाते ती परत मिळत नाही.

मग सी-लिंक, ५.६ किलोमीटरचा. एरवी त्यावर पायी जाता येत नाही, दुचाकीलाही बंदी. त्यामुळे माणसं मध्येच थांबून फोटो काढतात. समोरचा अचानक थांबेल हे गृहीत धरून चाला. स्वतः काढायचा असेल तर कडेला जा, हात वर करून मागच्यांना कळू द्या, मग थांबा. पूल हलकासा चढतो-उतरतो आणि उघड्यावर वारा लागतो. समोरचा वारा असला की उंच माणसाच्या मागे लपा, त्यात लाज नाही.

वरळी सी-फेसला माणसं घराबाहेर येऊन ओरडत असतात. लहान मुलं हात पुढे करून उभी असतात, टाळी द्या. पण त्यांच्या आवाजाने वेग वाढतोय का, तेही बघा. हाजीअलीनंतर पेडर रोड. निम्म्याहून जास्त अंतर झाल्यावर तो चढ येतो म्हणून त्याचा दरारा. आपल्याला इथे खरा फायदा आहे, पहिले पाच किलोमीटर जपले असतील तर. पावलं छोटी करा, हात जरा जास्त हलवा, नजर दहा पावलांवर ठेवा, बोलता येईल एवढाच जोर लावा. वीस-तीस सेकंद गेले तर जाऊ द्या. उतारावर मुसंडी मारू नका, नुसते सैल पडा.

मरीन ड्राइव्ह लांबच लांब. वळण दिसतं आणि जवळ येत नाही. इथे एक खांब धरायचा, मग पुढचा. आपल्याच जिल्ह्यातल्या, माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबईच्याच रस्त्यांवर भारतीय महिलांमध्ये मॅरेथॉन जिंकून पुढे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. मरीन ड्राइव्हवर पाय जड झाले की मला मोहीच्या आसपासचा तो उघडा माळ आठवतो. उपयोग होतो का? थोडाफार.

पायात गोळा आला तर थांबा, स्नायू हळू ताणा, चालत सुटा. छातीत दुखणं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम अचानक बंद होऊन अंग तापणं, यांतलं काहीही झालं तर जवळच्या मदत केंद्रावर जा. पुढच्या वर्षी पुन्हा जानेवारी येतो.

रेषेनंतर

सीएसएमटीच्या परिसरात शर्यत संपली की बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, नाहीतर रक्त पायांत साचून भोवळ येते. पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी खा, ओले कपडे बदला. सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या टोकाला, त्यामुळे कोरडा टी-शर्ट आणि चपला सुरुवातीला जमा करून शेवटी परत मिळणाऱ्या पिशवीत ठेवलेल्या असाव्यात. फोन, ओळखपत्र आणि दोनशे रुपये कमरेच्या पट्ट्यात.

त्याच सकाळी परतीच्या गाडीला धावू नका. मावशीकडे मटण असतं. रात्रीची महालक्ष्मी धरलीत तर ती उजाडायच्या बरीच आधी साताऱ्याला टाकते आणि स्टेशन गावापासून लांब, तेव्हा रिक्षाचं किंवा घरच्या गाडीचं आधीच ठरवा. आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर जिना उलटा उतरा, पाठमोरे. शेजारीण हसेल, पण मांड्या दुखत नाहीत.

आठवडाभर फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार किलोमीटर, गप्पा मारत. घाट तिसऱ्या रविवारी, तोही चढून गाडीने खाली.